खिशातली रुई

मार्डीच्या अलीकडं स्कूटर बसली.
प्लग भिजला असेल, नाहीतर तिलाही वाटलं असेल, बास.
हस्ताचा पाऊस दुपारपासून माळावर
उभं-आडवं विणत बसलेला,
पाळी संपायचं नाव नाही.

वीज लवली की तेवढ्यापुरतं दिसायचं:
गवत, गवत, एक बोरीचं झाड,
आणि वाघरीत शंभर मेंढरं
एकमेकांच्या अंगात घुसून एकच जनावर झालेली.

मायाप्पा घोंगडीची खोळ करून बसला होता.
खोळीत अजून कुणीतरी होतं,
तासाभराचं कोकरू.
त्याच्या तोंडात बोट घातलं
तर बोटच गार पडलं.
"काडीपेटी हाय का?"
नाव-गाव त्यानं नंतर विचारलं.

काडीपेटी होती. भाकरीसारखी मऊ.
सात काड्या.
पहिलीच्या डोक्याचा घासताच चिखल झाला.
दुसरीचाही.
तिसरीला मायाप्पानं माझा हात धरला.
"आधी तिला बसाय जागा तर दे."

चिखलावर चपटे दगड मांडले त्यानं,
पाहुणीला पाट मांडावा तसे.
बाभळीचं लाकूड उभं चिरलं:
वरून काळं, गळकं,
आतून तांबूस, कोरडं ठणठणीत.
"पाऊस सालीपतुर जातोय. गाभ्यात न्हाई."
ढलप्या केल्या, ढलप्यांच्या काड्या,
काड्यांच्या सुया.
लगमव्वानं अंथरुणाखालून एक गोवरी काढली,
बँकेतून काढावी तशी, नाखुशीनं.
उरलेल्या पाच काड्या तिनं
पदराखाली केसांत खोचल्या, ऊब धरायला.

सगळं तयार, आणि पेट घ्यायला मऊ काही नाही.
गवत ओलं. बोरीवरचं घरटं ओलं.
माझ्या पाकिटातल्या नोटा, पावत्या,
देवीचा अंगारा, सगळ्याचा एक लगदा.

मग आठवलं.
डिकीत, कॅरीबॅगेत, कामावरचा शर्ट,
धुवायचा राहिलेला.

अकरा वर्षं टॉवेलच्या कारखान्यात.
रुई कुठं नसते? भुवयांत, चहात,
घड्याळाच्या काचेआड.
आई दारातच झटकते मला,
तेलुगूतून मालकाचा उद्धार करत.
वडिलांच्या छातीतली झटकता आली नाही.
खोकले की धोटा अडकल्यासारखा आवाज यायचा.
डॉक्टरनं एक्स-रे उजेडाला धरला,
म्हणाला, धुकं दिसतंय.
आम्ही कुणी धुकं म्हटलं नाही.
आम्हाला नाव माहीत होतं.

खिशाची शिवण उलटी केली:
चिमूटभर, निळी, गुलाबी, पांढरी.
दुसऱ्या खिशातून अजून चिमूटभर.
मायाप्पानं तळव्यावर घेऊन वजन पाहिलं.
"लोकर असली पेटत न्हाई. नुसती वास मारती.
कुठला रं तू?"
"पूर्व भाग. राजमल्लू येमूल."
"व्हय का," एवढंच म्हणाला,
आणि बायकोच्या केसांतली काडी घेतली.

तीही गेली. चौथीही, वाऱ्यानं.
पाचवीला लगमव्वा आडवी बसली,
वाऱ्याकडं पाठ करून, भिंतीसारखी.
रुई फुर्रकन गेली,
अर्धा श्वास, फार तर.
तेवढ्यात एक सुई लाल झाली,
मग तिच्या शेजारची.
मी फुंकायला वाकलो तर मायाप्पा ओरडला,
"तुझ्या नरड्यातबी पाऊसच हाय! दम धर."

दम धरला.
गोवरीची कड हळूच राखाडी झाली.
धूर आधी आमच्या डोळ्यांत गेला,
मग कोकराच्या नाकात.
बऱ्याच वेळानं ते शिंकलं.
लगमव्वा हसली, तिचे पुढचे दोन दात नव्हते,
आणि मेंढीनं तिकडून आवाज दिला,
शिव्या दिल्यासारखा.

सोमवारी पाळी सुटल्यावर
दारात आईचा हात अडवला.
खिशातली रुई काढून
कॅरीबॅगेत गाठ मारून ठेवली.
"कशाला रे घाण?"
म्हटलं, हस्त अजून तीन दिवस आहे.